सल कुठल्या रकान्यात?

डॉक्टर शाहीन मुजावर यांच्या पत्राला शिरीषरावांनी उत्तर दिलं नाही, ते काही उर्मटपणानं नव्हे. शिरीष माणगावकर हा माणूस आयुष्यात कुणाशी उर्मटपणानं वागला असेल तर फक्त स्वतःशी. पत्र आलं त्या दुपारी त्यांनी लगेच कागद पुढ्यात ओढला, वर 'स. न. वि. वि.' लिहिलं आणि तिथंच गाडी अडली. 'आपली शंका रास्त आहे' असं लिहावं, तर आपली चूक कबूल केल्यासारखं होतं. 'माझा निर्णय बरोबर होता' असं लिहावं, तर तेवढी खात्री त्यांना स्वतःच्या जन्मतारखेबद्दलही नव्हती. उद्या लिहू, असं म्हणून त्यांनी पत्र बाजूला ठेवलं. त्या उद्याला आता वर्ष होत आलं होतं.

प्रश्न एका शब्दाचा होता. शिरीषराव राहत मिरजेत, पण त्यांची सगळी नोकरी सांगलीच्या एका शब्दकोश कार्यालयात झाली. तिथं जन्मभर ते मराठी शब्दांचे अर्थ लावत बसले. निवृत्तीच्या सुमारास 'वेदनादर्शक' नावाचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीची माणसं त्यांच्याकडे आली. दुखण्याचे जेवढे म्हणून शब्द मराठीत आहेत, तेवढे गोळा करा आणि त्यांचे रकाने पाडून द्या, असं त्यांनी सांगितलं. एक रकाना शरीराचा, एक मनाचा, एक नुसत्या थकव्याचा. ठणका, कळ, चमक, तिडीक, उसण, पेटका, मुरडा हे शरीराचे. खंत, हुरहुर, तगमग हे मनाचे. 'सलणे' कुठं घालावा यावर मात्र ते दोन दिवस अडून बसले. कार्यालयातल्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. पुस्तकांतून टिपलेल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात जे काही सलत होतं ते मनातच सलत होतं. कुणाचा शब्द, कुणाचा अपमान, कुणाचं न येणं. त्यांनी शब्द मनाच्या रकान्यात घातला आणि शेजारी सवयीनं पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह काढलं. कंपनीनं प्रश्नचिन्हं तेवढी पुसली आणि यादी यंत्राला शिकवली.

डॉक्टर मुजावर मिरजेतच दुखण्यावर उपचार करत. त्यांनी लिहिलं होतं: 'माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांना आत काहीतरी सलतं आणि त्यांचा दिवा हिरवा राहतो. हा शब्द आपण मनाच्या रकान्यात विचार करून घातला, की पुस्तकांत तसा सापडला म्हणून?'

आता, यंत्राचा आणि शब्दांचा संबंध काय, ते सांगायला हवं.

दुखणं मोजणं माणसाला आजवर जमलं नव्हतं, कारण दुखणं ही वस्तू नाही. हाड मोडलं तर चित्रात दिसतं, रक्तातली साखर नळीत दिसते, पण दुखतं ते मेंदूत, आणि ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यातही एक जात अशी असते, की मूळ इजा भरून येते, तपासण्या स्वच्छ येतात, पण मज्जारज्जूतल्या पेशी चेकाळल्यासारख्या संदेश पाठवतच राहतात. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं आणि बेल वाजतच राहावी, तसं. दार उघडून पाहणारा म्हणतो, बाहेर कुणी नाही. आणि खरंच कुणी नसतं. पण बेल वाजत असते हेही तितकंच खरं.

वेदनादर्शकानं दार सोडलं आणि बेलकडे कान लावला. कानामागे चिकटवलेली नखाएवढी चकती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायची आणि मनगटावरच्या पट्ट्यात दिवा लागायचा. हिरवा म्हणजे वेदना नाही, पिवळा म्हणजे आहे, लाल म्हणजे सोसवत नाही, आणि लाल झाला की पट्टा वाजायचाही. पण कुठली लहर म्हणजे दुखणं, हे यंत्राला कुणी सांगायचं? ते माणसांनीच सांगितलं. हजारो मराठी माणसांच्या लहरी टिपल्या आणि त्याच क्षणी त्यांना काय होतंय ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. 'ठणकतंय' म्हणणाऱ्याची लहर शरीराच्या रकान्यात गेली, 'हुरहुर वाटते' म्हणणाऱ्याची मनाच्या. माणूस दुःखालाही दुखणंच म्हणतो, म्हणून मनाच्या रकान्यातल्या लहरी वजा करायला यंत्र शिकलं. प्रत्येक भाषेची शिकवणी वेगळी.

लोक यंत्राला नुसतं 'पट्टा' म्हणू लागले. पाच-सहा वर्षांत पट्टा घरोघरी गेला. तान्ह्या मुलाचं पोट दुखतंय की ते नुसतं रडतंय, हे आयांना कळू लागलं. विमा कंपन्या, औषधांची दुकानं, आजारपणाची रजा देणारे साहेब, सगळे दिव्यावर चालू लागले. पिवळ्याखाली गोळी नाही, असा नियमच झाला.

शिरीषरावांचे थोरले भाऊ दिलीपदादा यांना तर पट्ट्यानं वाचा दिली होती. दादा शाळेत खेळाचे मास्तर. आवाज असा, की मैदानावर शिट्टीची गरज नसे. पक्षाघाताच्या झटक्यांनी आधी उजवं अंग गेलं, मग डावंही जवळजवळ गेलं आणि तो आवाजही गेला. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. मुलगा ओंकार नोकरीनिमित्त बाहेरगावी, म्हणून सुरुवातीला सून ऋतुजाच त्यांच्या बोटाखाली आपला तळहात ठेवून विचारत बसायची. बाबा, डोकं? पाठ? पोट? एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. कधी अर्धा तास जायचा आणि मग दोघंही रडायची. पट्टा आला आणि ते संपलं. दिवा पिवळा झाला की गोळी द्यायची. ऋतुजाला झोप मिळू लागली, तिनं पुन्हा नोकरी धरली.

म्हणून तर पत्राला उत्तर देताना शिरीषरावांचा हात आणखी आखडला होता. आपल्या एका शब्दाच्या शंकेसाठी या यंत्राला बोट लावायचं? आणि शंका तरी कुणाची, आपली! आपली शंका खरी ठरल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पुढं दोन-तीन महिन्यांनी पुस्तक काढताना ते स्टुलावरून पडले. मार किरकोळ होता, पंधरवड्यात सूज उतरली. पण डाव्या खुब्यात काहीतरी राहिलं. बसलं की ते जागं व्हायचं आणि मांडीच्या मागच्या बाजूनं खाली उतरायचं. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी पट्टा लिहून दिला. पट्टा बांधला आणि दिवा लागला. हिरवा.

बसवत नसे म्हणून ते स्वयंपाकघरात ओट्यावर पुस्तक ठेवून उभ्यानं वाचू लागले. ज्योत्स्नाबाई एका बाजूला भाजी चिरत, हे दुसऱ्या बाजूला पानं उलटत.

"अहो, हिरवा आहे," एके सकाळी त्या म्हणाल्या.

"असेल."

"असेल काय, आहे! डोळ्यांनी बघतेय मी. मग चला की मंडईत. दोन पिशव्या एकटीनं किती दिवस उचलू?"

"दुखतंय गं."

"हिरवा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नेमका त्याच भांड्यात खडा टाकता."

ज्योत्स्नाबाई मुळात अशा नव्हत्या. पट्टा येण्याआधी त्याच खुब्याला तेल लावून शेकत होत्या, शेजारणींना विचारून लेप करत होत्या. पण दिवा हिरवा लागला आणि त्यांच्या डोक्यावरचा भार उतरला. उतरलेला भार कुणाला पुन्हा उचलावासा वाटेल? शिरीषरावही त्यांना दोष देत नव्हते. ते पिशव्या उचलायचे आणि चालताना स्वतःशीच पुटपुटायचे, की हे खरं नाही. वाचनात रमलो की कमी वाटतं, म्हणजे मनाचंच असणार. मग मुद्दाम वाचन थांबवून बघायचे. दुखायचं. पुन्हा वाचायचे, तरी दुखायचं. अहवालावर छापून आलं होतं: 'शारीरिक वेदना आढळली नाही. समुपदेशन सुचवले आहे.' समुपदेशकानं त्यांना सकाळी उठून आनंदी गोष्टी आठवायला सांगितलं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवल्या. खुबा दुखतच राहिला.

पट्टा माणसाशी जुळवून घ्यायला म्हणून केंद्रावर परत बोलवायचे आणि लहर टिपता टिपता काय होतंय ते पुन्हा वदवून घ्यायचे. तिथं बसल्या बसल्या शिरीषरावांच्या मनात एक चोर शिरला. रकाने कुणी पाडले? आपणच. कुठला शब्द उच्चारला की दिवा पिवळा होतो, हे अख्ख्या महाराष्ट्रात आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? 'ठणकतंय' एवढंच म्हणायचं. गोळी मिळेल, पिशव्या सुटतील, निदान एक दुपार बसून वाचता येईल.

केंद्रावरची सानिका नावाची मुलगी त्यांच्या कानामागे चकती दाबत म्हणाली, "काका, आता काय होतंय ते बोला. फार विचार करू नका. मागच्या वेळी तुम्ही दहा मिनिटं घेतलीत आणि शेवटी 'अस्वस्थता' म्हणालात."

"या वेळी ठरवून आलोय," शिरीषराव म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. 'ठणकतंय' हा शब्द जिभेवर तयार होता. पण ठणक्याला ठोका असतो. तो नाडीसारखा येतो आणि जातो. हे येत-जात नव्हतं. हे आत बसलं होतं, एका जागी, न हलता, जसं काही कुणी तिथं काही विसरून गेलंय. खोटा शब्द वापरायची त्यांना लाजच वाटली. माणसांपुढं नव्हे, शब्दापुढं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच.

"सलतंय."

दिवा हिरवाच राहिला. सानिकानं पडद्याकडे पाहिलं. "सलतंय म्हणजे मनात ना, काका? इथं तसंच दाखवतंय."

"मनात नाही. खुब्यात."

"यंत्र तर मनात म्हणतंय."

"त्याला मीच सांगितलंय तसं," शिरीषराव म्हणाले.

सानिका खळखळून हसली. काका विनोद करतात, हे तिला नवीन होतं. शिरीषरावांना मात्र आता कळलं होतं. यंत्र चुकत नव्हतं. ते पाठ केलेला धडा बिनचूक म्हणून दाखवत होतं. दिवसेंदिवस आत रुतून बसणारं, कुठल्याही चित्रात न दिसणारं दुखणं ज्यांना आहे, ती माणसं कळवळून जो शब्द उच्चारत होती, नेमका तोच त्यांच्यावर उलटत होता. दुखणं बोलून दाखवलं की ते वजा होत होतं.

केंद्रातून निघून ते घरी गेले नाहीत. डॉक्टर मुजावर यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढले, दोनदा मागं फिरले, तिसऱ्यांदा आत गेले. बाईंनी नाव ऐकून त्यांना लगेच बोलावलं. त्या पन्नाशीच्या होत्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर गार झालेला चहा.

"बसा ना, सर."

"उभाच राहतो."

बाईंनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं नाही. उभ्या राहण्याच्या पद्धतीकडे पाहिलं. "डावा खुबा?" त्यांनी विचारलं, आणि शिरीषरावांना का कोण जाणे, एकदम भरून आलं.

त्यांनी घडलं ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारी पट्ट्याला मंजुरी देणारी समिती बसतेय. मराठीची शिकवणी आणखी पाच वर्षांसाठी मंजूर करणार आहेत. माझा आक्षेप त्यांच्याकडे गेलाय, पण एका डॉक्टरचं मत म्हणून तो फायलीत पडून आहे. यादी करणाऱ्यानं स्वतः लिहिलं, तर त्यांना थांबावंच लागेल. नियमच आहे तसा. आणि सर, हातानं लिहून टपालानंच पाठवा. फोन चालणार नाही, मेल चालणार नाही. हल्ली कुणाचाही आवाज कुणीही बनवतं."

"थांबावं लागेल म्हणजे?"

"नवीन शिकवणी होईपर्यंत मराठीतले सगळे पट्टे बंद. सहा-आठ महिने तरी."

"सगळे?"

"सगळे."

"माझा स्वतःचा दिवा हिरवा आहे, डॉक्टर. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला गोळ्या मिळेनात म्हणून यानं यंत्राला खोटं पाडलं."

"म्हणतील. माझ्यावर काय कमी बोलतात?"

"आणि माझं पुन्हा चुकलं तर?"

"तर पुन्हा दुरुस्त करू. पण सर, आत्ता माझ्या बाकावर अकरा माणसं बसली आहेत. घरच्यांनी नाटकी ठरवलेली. त्यातली एक तर आता बोलायचीच थांबलीय. कसं वाटतंय विचारलं की हात पुढं करून दिवा दाखवते."

शिरीषरावांनी भावाबद्दल सांगितलं. गार चहाची कपबशी बाईंनी उगाच सरकवली. "ते तुम्हीच ठरवायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथं मी बोलणार नाही."

घरी आल्यावर त्यांनी ज्योत्स्नाबाईंना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"सलणं मनाच्या रकान्यात?" त्या म्हणाल्या. "लग्नानंतर माझ्या टाचेत बांगडीची काच राहिली होती, तेव्हा महिनाभर मी काय म्हणत होते? टाचेत सलते म्हणत होते, का मनात?"

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला विचारलंत कधी? तुम्ही पुस्तकांना विचारलंत."

ज्योत्स्नाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. मग खाली मान घालूनच त्या म्हणाल्या, "आणि मी तुमच्या दिव्याला विचारत बसले." तव्यावरची पोळी करपली. त्या दिवशी दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, शिरीषराव भावाकडे गेले. दादा खाटेवर उशांना टेकून होते. मनगटावर हिरवा दिवा. ऋतुजा कामावर निघायच्या गडबडीत होती. शिरीषरावांचं बोलणं तिनं डब्याचं झाकण लावता लावता ऐकायला सुरुवात केली आणि झाकण हातात तसंच राहिलं.

"काका, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? बंद? आठ महिने?"

"अगं, मी अजून पाठवलं नाही..."

"रात्री बाबांना पेटके येतात तेव्हा पट्टा वाजतो म्हणून मी उठते. तो बंद झाला तर मला कसं कळणार? पुन्हा ते तळहात धरून बसणं? ओंकार महिन्यातून चार दिवस घरी असतो. मी नोकरी सोडू? एका शब्दासाठी?"

"शब्दासाठी नाही गं. ज्यांचं दुखणं..."

"त्यांचं दुखणं दिसतं तुम्हाला. माझं?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही पाहुण्यासारखे येता, त्यांच्याशी दोन शब्द बोलता आणि जाता. बोलतासुद्धा पुस्तकातलं!"

तिचं एकेक अक्षर खरं होतं. निघावं, असं वाटून त्यांनी चप्पल चाचपली. मग काय वाटलं कोण जाणे, ते खाटेपाशी गेले आणि त्यांनी दादांच्या बोटाखाली आपला तळहात ठेवला.

"दादा, दुखतंय का कुठं?"

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी कुणी त्यांना हे विचारलं होतं कोण जाणे. बोट हललं. एकदा.

"चुकून हललं असेल," ऋतुजा म्हणाली. "हिरवा आहे की."

शिरीषरावांच्या मनात तो शब्द उसळून वर आला. विचारावं, सलतंय का? पण त्यांनी जीभ आवरली. आपण विचारलं आणि दादांनी हो म्हटलं, तर ते उत्तर दादांचं की आपलं? भाऊ आपल्या समाधानासाठीही हो म्हणेल. त्यांनी तळहात काढून घेतला.

"तू विचार," ते ऋतुजाला म्हणाले. "मी काही सुचवणार नाही. मी तिकडं जाऊन उभा राहतो."

ऋतुजानं घड्याळाकडे पाहिलं आणि तळहात दादांच्या बोटाखाली सरकवला. हात मात्र सवय विसरला नव्हता. "बाबा, डोकं?" दोनदा. "पाठ?" दोनदा. "पोट? पाय?" दोनदा, दोनदा. "खांदा?"

एकदा.

तिनं सदरा बाजूला करून खांदा पाहिला. दाबून पाहिला. वळ नव्हता, सूज नव्हती. "इथं तर काहीच नाही. बाबा, आग होते? ठणकतंय? मुंग्या? अवघडलाय का?" प्रत्येक वेळी बोट दोनदा दाबलं जात होतं. ती चिडीला आली. "मग काय होतंय काय? आत काहीतरी राहून गेल्यासारखं?"

बोट एकदा दाबलं गेलं. आणि वर उचललंच नाही. तिच्या तळहातात तसंच रुतून राहिलं.

खिडकीशी उभ्या असलेल्या शिरीषरावांनी गज घट्ट धरला.

"कधीपासून?" ऋतुजानं विचारलं, मग या प्रश्नाला हो-नाही उत्तर नसतं हे तिच्या लक्षात आलं. "म्हणजे हिरवा होता तेव्हापण? रोज?"

एकदा.

ती मटकन खाटेच्या कडेवर बसली. डबा कडेला कलंडला, भाजीचं तेल चादरीवर आलं. कुणी उचललं नाही.

बऱ्याच वेळानं शिरीषराव जवळ आले. "दादा, ऐकलंस ना सगळं. मी पत्र पाठवलं तर तुझा पट्टा बंद होईल. रात्रीचे पेटकेही दिसणार नाहीत. पाठवू?"

दादांनी डोळे मिटले. बोट दोनदा दाबलं गेलं.

नाही.

शिरीषरावांनी मान हलवली. झालं. त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि त्याच क्षणी खुब्यातलं ते काहीतरी अंगभर पसरल्यासारखंही. "ठीक आहे," ते म्हणाले. "नाही तर नाही."

"थांबा, काका." ऋतुजा सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती. "बाबा, हे तुम्ही माझ्यासाठी म्हणताय? माझी झोप जाईल, नोकरी जाईल म्हणून?"

बोट हललं नाही. मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी मात्र आलं. मग एकदा, अगदी हलकं दाबलं गेलं.

"मी येईन," शिरीषराव एकदम म्हणाले. आपण काय बोलतोय याचा त्यांनी विचार केला नव्हता, आणि असं त्यांच्या हातून फारसं होत नसे. "रात्री मी येऊन झोपेन इथं. म्हणजे, पडून राहीन. मला तशीही झोप कुठं लागते? तासातासाला विचारत जाईन. सकाळी तू कामावर जा."

"खुब्याचं काय तुमच्या?"

"तो इथंही सलेल, तिथंही सलेल."

ऋतुजानं नाक पुसलं. "गोष्टी वाचून दाखवाल त्यांना. आवडायची नाहीत त्यांना पुस्तकं कधी."

"मग चिडेल. चिडला की बोट जोरात दाबतो, मला आठवतंय."

दादांच्या चेहऱ्याची डावी बाजू किंचित ओढली गेली. ते हसणं होतं, हे सांगायला पट्ट्याची गरज नव्हती. ऋतुजानं तळहात पुन्हा बोटाखाली सरकवला. "बाबा, काका रात्री येणार. मी नोकरी सोडणार नाही. आता सांगा. पाठवू दे त्यांना?"

तिघंही त्या एका बोटाकडे पाहत होते.

ते एकदा दाबलं गेलं. शिरीषराव दुसऱ्यांदा दाबलं जाण्याची वाट पाहत राहिले. पुरेसा वेळ. दुसऱ्यांदा दाबलं गेलं नाही.

पत्र त्यांनी तिथंच, दादांच्या औषधांच्या टेबलावर, उभ्यानं लिहिलं. समितीच्या नावे. 'सलणे हा शब्द मी मनाच्या रकान्यात घातला. ती चूक आहे. तो शरीराचाही आहे. मी पुस्तकं पाहिली, माणसांना विचारलं नाही. या शब्दामुळे ज्यांची वेदना यंत्रानं वजा केली, त्यांना पुन्हा विचारावं, आणि नवी शिकवणी होईपर्यंत हे यंत्र मराठीत वापरू नये. माझा स्वतःचा दिवा हिरवा आहे आणि मलाही सलतं. हे लक्षात घेऊनच माझं म्हणणं तोलावं.' खाली सही. तशीच एक प्रत डॉक्टर मुजावर यांच्यासाठी. तिच्यावर वर त्यांनी लिहिलं: 'आपल्या पत्राचं उत्तर. पुस्तकांत तसा सापडला म्हणून.'

पोस्टात रांग होती. पाकिटं, पार्सलं घेऊन कितीतरी जण उभे होते. शिरीषराव डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेत पुढं सरकत राहिले. खिडकीतल्या माणसानं दोन्ही पाकिटं तोलली, शिक्का उचलला, दण् दण् दोनदा मारला आणि पाकिटं मागच्या पोत्यात टाकली.

"पोचतील ना उद्यापर्यंत?"

"सकाळच्या डाकेत. काळजी नको, काका."

शिरीषराव वळले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"एक राहिलं. शेवटी 'कळावे' लिहायचं राहिलं."

मागच्या रांगेतून कुणीतरी 'अहो, चला की' म्हणालं. खिडकीतला माणूस पोत्याची दोरी आवळता आवळता थांबला. "काढू का परत? सापडतील अजून, वरच आहेत."

शिरीषरावांनी पोत्याकडे पाहिलं. काढून घेतलं तर 'कळावे' घालता येईल. तेवढ्यात दुसरं वाक्यही तपासता येईल. तिसऱ्यात एखादं 'कदाचित' घालता येईल.

"नको," ते म्हणाले. "बांधा."

त्या माणसानं दोरी ओढली, गाठ मारली आणि पोतं गाडीकडे ढकललं.